न्यायला न आलेले

समाजकेंद्राच्या कॉम्प्युटर वर्गात पहिल्या दिवशी हजेरी घेताना तोकगो बाईंनी "ग्वाक मल-सून" असं नाव दोनदा पुकारलं. ग्वाक मल-सून तिथेच बसली होती आणि ही कोण बया अजून आली नाही म्हणून दाराकडे बघत होती. शेजारच्या उल्जिनवालीने कोपराने ढोसलं तेव्हा कुठे ती "मी, मी!" म्हणत अर्धवट उठली. वर्ग हसला. हसणाऱ्या बायकांपैकी निम्म्या जणींची गत तीच होती, ते सोडा.

बाजारात तिला चोंगसोनवाली म्हणत, कारण लग्न करून ती डोंगरातल्या चोंगसोनहून या सामचोकच्या बंदरावर आली होती. घरात आणि गल्लीत ती मी-रानची आई. खरं नाव फक्त बँकेत आणि दवाखान्यात निघायचं, आणि तिथेही नवरा सोबत असला की "हो" म्हणून तोच उठायचा.

नवरा, पे इन-ग्यू, गेल्या हिवाळ्यात वारला. बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. माणूस अतिशय कमी बोलणारा. गिऱ्हाइकाने "काय बिघडलंय?" विचारलं तर बिघडलेला भाग चिमट्यात धरून दाखवायचा, की झालं उत्तर. दुकानातल्या सगळ्यात वरच्या फळीला त्याने पाटी लावली होती: न्यायला न आलेले. दुरुस्त होऊन पडलेले, पण मालक परत न फिरकलेले रेडिओ आणि टेप तिथे बसायचे, प्रत्येकाच्या गळ्यात मालकाच्या नावाची चिठ्ठी. बाकीचे दुकानदार असला माल थोडे दिवस ठेवून विकून मोकळे होत. हा विकायचा नाही आणि मालकाला निरोपही धाडायचा नाही.

"अहो, एकदा कळवा तरी त्या माणसाला," मल-सून म्हणायची.

"हवं असेल तेव्हा येईल. आपण घाई करू नये."

एखादा खलाशी खरंच वर्षांनी उगवायचा. मग इन-ग्यू वस्तू खाली काढायचा, फडक्याने पुसायचा, चालू करून दाखवायचा आणि पुन्हा आपल्या स्टुलावर जाऊन बसायचा.

मी-रानच्या आधी या दोघांना एक मुलगा होता. सोक-जू. चौथं लागलं आणि गोवराच्या तापात गेला. आईबापांच्या आधी पोर गेलं तर त्याचे दिवस करायचे नाहीत आणि नावही काढायचं नाही, अशी तिथली जुनी रीत. सासूने त्याचे कपडे, लाकडाची गाडी आणि एकुलता एक फोटो अंगणात जाळला आणि सुनेला बजावलं, "आता पुढचं बघ. रडत बसलीस तर पुढच्याला बाधेल." सासूला वाईट म्हणण्यात अर्थ नाही, तिने स्वतःची दोन लेकरं अशीच पुसून टाकली होती. इन-ग्यूने एकदा दुरुस्त केलेला टेप तपासायला म्हणून पोराचा आवाज भरून घेतला होता. ती कॅसेटही त्याच आगीत गेली, असं मल-सून धरून चालली.

त्या दिवसापासून नवऱ्याच्या तोंडून पोराचं नाव निघालं नाही. दरवर्षी, पोर गेलं त्या तिसऱ्या महिन्याच्या नवव्या तिथीला मल-सून दुपारी बटाटा उकडायची आणि एकटीच खायची, कारण सोक-जूला तो आवडायचा. नवरा नेमका त्या दिवशी जेवायलाही घरी यायचा नाही. विसरला, असं तिने ठरवून टाकलं. संसार नीट केला, मुलगी वाढवली, त्याच्या आजारपणात उशापायथ्याशी बसली. पण ही अढी काही मनातून गेली नाही.

आणि मग दवाखान्यात, शेवटच्या दिवसांत, नाकातली नळी बाजूला सारून तो म्हणाला, "पोराचा आवाज आहे. कॉम्प्युटरात. शोध."

"कुठे? अहो, कुठे?"

नर्स रागावत आली, नळी परत लावली, आणि त्यानंतर तो शुद्धीवर असा आलाच नाही. मल-सूनला रडू आलं, पण त्याहून जास्त राग आला. इतकी वर्षं आवाज होता, आणि हा माणूस तोंडाला कुलूप लावून बसला!

कॉम्प्युटर मागच्या खोलीत होता. म्हातारपणी दुकान कायमचं बंद केल्यावर इन-ग्यूने गल्लीतल्या झाडून सगळ्यांच्या कॅसेटी त्यात उतरवून घेतल्या होत्या. कुणाच्या बापाची साठीची मेजवानी, कुणाचं लग्न, कुणाच्या आजीचं रडगाणं. हजारोंनी. मल-सूनने आधी एकेक लावून ऐकायला सुरुवात केली. महिनाभर ती दुसऱ्यांच्या साठीच्या मेजवान्या ऐकत बसली आणि गल्लीतला कोणता पुरुष पिऊन किती बेसूर गातो याची तिला पक्की माहिती झाली. सोक-जू काही सापडला नाही.

त्यात मी-रानचा फोन. "आई, तो डबा किती घरघरतो! चुसोकच्या सणाला आम्ही येतो ना, तेव्हा हे नवा आणून जोडून देतील, जुना घेऊन जाऊ. खोली तरी मोकळी होईल."

"राहू दे ना. मला शिकायचाय तो."

"तुला? कॉम्प्युटर?" मी-रान इतकी हसली की मल-सूनने फोन कानापासून लांब धरला. भाऊ होता हे मुलीला कधी सांगितलंच नव्हतं, तर आता काय सांगणार? चुसोकला फार अवकाश नव्हता. दुसऱ्याच दिवशी ती समाजकेंद्रात जाऊन नाव घालून आली.

तोकगो बाई चाळिशीच्या, बोलक्या, सगळ्यांना "आई" आणि "बाबा" म्हणणाऱ्या. त्यांनी वरच्या कोपऱ्यातली शोधाची चौकट दाखवली. नाव लिहा, सापडेल. त्या दुपारी घरी येऊन मल-सूनने चौकटीत "सोक-जू" लिहिलं. एका बोटाने, अक्षरं हुडकत. हे नाव तिने आयुष्यात पहिल्यांदाच लिहिलं होतं. मग बटण दाबलं. काहीही सापडलं नाही, असं कॉम्प्युटरने निर्विकारपणे कळवलं.

पुढच्या वर्गात तिने विचारलं, "बाई, नाव माहीत नसेल तर?"

"छान विचारलंत, आई! ही चौकट दिसते तेवढी साधी नाही." बाई खुर्ची ओढून बसल्या. "हे कुठे लिहिलेलं नसतं. 'प्रकार' लिहायचं, पुढे दोन टिंबं द्यायची आणि 'संगीत' लिहायचं. बघा, फक्त आवाजाच्या फायली आल्या. तसंच 'तारीख', दोन टिंबं आणि दिवस. त्या दिवशीच्या तेवढ्या येतील. दोन्ही एकत्रही लिहिता येतं."

"आणि माणसाने मुद्दाम लपवून ठेवलं असेल तर?"

उल्जिनवालीचे कान टवकारले. "अगं बाई! भावजींची मैत्रीण होती की काय? फोटो शोधतेस?"

"त्यांना बायकोशी बोलायला शब्द पुरत नव्हते, मैत्रिणीला कुठून आणणार?" मल-सून म्हणाली, आणि वर्ग पुन्हा हसला.

बाई मात्र हसल्या नाहीत. त्यांनी वरच्या पट्टीतली एक बारकी चौकट दाखवली: लपवलेले दाखवा. "इथे खूण केली नाही, तर लपवलेलं शोधातसुद्धा येत नाही, आई. खूण केलीत की फिकट रंगात दिसायला लागतं."

घरी येऊन तिने खूण केली. पुन्हा सोक-जूचं नाव घातलं. काही नाही. मग तिला वाटलं, तारीख घालून बघू. पण घालायची कोणती? पोराच्या आवाजाला हात लावायचा तर तो कोणत्या दिवशी लावला असेल? तिच्या मनात एकच दिवस होता. आणि बोट उचललं तेव्हा तिला कळलं की आपण आता नुसती कॅसेट शोधत नाही आहोत. त्या दिवशीचं काही निघालं, तर हा माणूस विसरला नव्हता. नाही निघालं, तर विसरला होता, आणि तसाच गेला.

दुकान बंद झालं त्या वर्षाचा तिसरा महिना, नववा दिवस. प्रकार, संगीत. कॉम्प्युटर घरघरला आणि एक फाईल आली! तिने लगेच लावली. मासळीवाल्या नाम्च्या मुलाचं लग्न. नाम् स्वतः माईकवर गात होता, आणि तेही बेसूर.

"मेल्या!" ती नाम्ला म्हणाली की नवऱ्याला, कोण जाणे. पुढचं वर्ष घातलं, त्याच्या पुढचं घातलं. कोरडं. ती स्वयंपाकघरात गेली आणि सुकवलेल्या माकुळ मासळीचे उगीचच बारीक बारीक तुकडे करत बसली. तर असं. विसरलाच होता.

दोन दिवस तिने त्या खोलीचं दार उघडलं नाही. वर्गालाही गेली नाही. तिसऱ्या दिवशी उल्जिनवाली विचारायला आली, "मी-रानच्या आई, भावजींचं वर्षश्राद्ध यंदा कधी येतंय? मासळी आधी सांगून ठेवू."

"थांब, बघते." मल-सून भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली. मच्छीमार सोसायटीचं कॅलेंडर. वर मोठ्या आकड्यात तारीख, खाली मुंगीएवढ्या आकड्यात तिथी. ती त्या मुंग्यांवरून बोट फिरवत गेली आणि मध्येच बोट थांबलं.

तिथी! सोक-जूची ती तिथी होती. कॉम्प्युटरला कुठली आलीय तिथी? त्याने बिचाऱ्याने मार्च महिन्याची नऊ तारीख काढून दिली होती. त्याची चूक नव्हती आणि नवऱ्याचीही नव्हती.

"काय गं, भूत पाहिलंस का?" उल्जिनवालीने विचारलं.

"तू जा आता. नंतर सांगते."

"अगं पण मासळी..."

"जा म्हणते ना!"

इन-ग्यूची एक खोड होती. तो जुनं कॅलेंडर कधी उतरवायचा नाही, नवं त्याच खिळ्यावर वर अडकवायचा. मल-सून त्यावर किती वेळा वैतागली होती. आता तिने तो सगळा गठ्ठा खिळ्यावरून काढला आणि मांडीवर घेऊन बसली. दुकान बंद झालं ते वर्ष. तिसऱ्या महिन्याची नववी तिथी एप्रिलच्या अखेरीला पडत होती. तिने ती तारीख घातली. काही नाही. दुसरं वर्ष. एप्रिलचा मध्य. प्रकार, दोन टिंबं, संगीत. तारीख, दोन टिंबं.

एक फाईल आली. फिकट रंगाची.

ती ज्या कप्प्यात होती त्याचं नाव होतं: न्यायला न आलेले. आणि फाईलचं नाव, वरच्या फळीवरच्या चिठ्ठ्यांवर तो गिऱ्हाइकांची लिहायचा तसं पूर्ण आणि अदबीने: श्रीमती ग्वाक मल-सून.

हे नाव शोधून बघावं असं तिच्या मनातही आलं नव्हतं. नवऱ्याने तिला आधी सोक-जूची आई म्हटलं, मग काही वर्षं नुसतंच "अगं" म्हटलं, मग मी-रानची आई म्हटलं. नावाने त्याने कधी हाक मारली होती? वरच्या फळीबद्दलचं त्याचं बोलणं तिला आठवलं. हवं असेल तेव्हा येईल, आपण घाई करू नये. तिने कधी विचारलं नव्हतं आणि म्हणून त्याने कधी दिलं नव्हतं. ती दुखावेल म्हणून तो गप्प, आणि तो विसरला म्हणून ती गप्प. असे दोन शहाणे एका छपराखाली म्हातारे झाले.

दारात मी-रानच्या गाडीचा आवाज आला तेव्हा तिच्या लक्षात आलं की आज चुसोकची आदली दुपार आहे. तिने बटण दाबलं.

आधी खरखर. मग इन-ग्यूचा तरुण आवाज, "हॅलो, हॅलो. हं, बोल. आज काय खाल्लंस?"

"बटाटा."

"कोणी दिला?"

"आईने."

"आईचं नाव काय?"

"आई."

मागून एक बाई मोठ्याने हसली. "अहो, सोडा की त्याला, जेवण निवतंय!" मल-सूनने दचकून मागे पाहिलं. मग कळलं, आपणच. आपण असं हसायचो?

"थांब गं. हं, नीट सांग. आईचं नाव. ग्वाक..." इन-ग्यू म्हणाला.

"ग्वाक..."

"मल-सून."

"ग्वाक मल-सून!" पोर ओरडलं, आणि टेप खटकन बंद झाला.

ती रडत होती आणि डोळे पुसायचं तिला सुचत नव्हतं. तिने पुन्हा लावलं. मग पुन्हा. नवऱ्याच्या तोंडचं आपलं नाव, आणि लगेच पोराच्या तोंडचं.

मी-रान नव्या कॉम्प्युटरचं खोकं कवेत धरून दारात उभी होती. केव्हापासून, कोण जाणे. "आई, हा बाबांचाच आवाज ना? आणि ते बाळ कोण गं?"

मल-सूनने हाताने शेजारची खुर्ची तिच्याकडे सरकवली.

"तुझा दादा," ती म्हणाली. "सोक-जू. ते खोकं खाली ठेव आणि बस इथे. मी पहिल्यापासून लावते."