जिवंत साधन

"हा धरा," सर म्हणाले आणि त्यांनी माझ्या हातात झाडू दिला.

समोर तिसरीची पोरं. मागं भिंतीला लागून आम्ही डी.एड.च्या मुली, पांढऱ्या साड्यांत. गडचिरोली नुकताच जिल्हा झाला होता. पाठाची सुरुवात कशी करायची, ते सर आम्हाला करून दाखवत होते. पाठ होता ‘आपले मदतनीस’. कुणी कुंभाराचं मडकं आणलं होतं, कुणी सुताराची पटाशी. सरांना काहीच पसंत पडलं नाही. पाठाचं साधन जिवंत पाहिजे म्हणाले. मग हजेरीतून माझं आडनाव वाचलं आणि मला पुढं बोलावलं.

"मुलांनो, ह्या बाई कोण असतील बरं?"

मी झाडू धरून उभी. पहिल्या रांगेतली एक पोरगी उठली.

"झाडनारी बाई!"

"शाब्बास! यांच्या आज्या-पणज्यांनी गाव झाडलं, मेलेली ढोरं ओढली. हे आपले मदतनीस."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. आमच्यातल्याही काहींनी वाजवल्या. सर खूश. "बघा, दोन मिनिटांत वर्ग ताब्यात!" खोटं नव्हतं ते. वर्ग ताब्यात आला होता. मीही आले होते, कारण मी हूं की चूं केलं नाही.

झाडण्याची लाज नाही मला. घर मीही झाडते. पण एवढ्या मुलींतून त्यांना माझंच आडनाव सापडलं. सावली गावाकडच्या आमच्या खेड्यात माझ्या बाबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर ढोरं ओढायला नकार दिला होता. त्यासाठी मार खाल्ला होता. त्या बाबांची पोरगी मी, आणि मी मुकाट झाडू धरला. अंगाची आग होत होती.

दुसऱ्या दिवशी तोच पाठ मला द्यायचा होता. मार्क सरांच्या हाती. नापास झाले तर परत गावी, धानाच्या बांधीत रोपं लावायला, रोवणीला. जाता जाता सर हसून म्हणाले, "तुम्हाला काय, साधन आणायचीही गरज नाही."

खोलीतली माझी मैत्रीण चामोर्शीच्या शिंप्याची मुलगी, शेख घरातली. माझं ताट तसंच होतं, ते तिनं पाहिलं.

"सर म्हनते तसं करून टाक नं," ती म्हणाली. "काऊन जीव घाबरा करून राह्यली? आपल्याले पास व्हाचं आहे."

तिचं चूक नव्हतं. तीही घाबरलेलीच होती.

सकाळी वर्गात शिरले. सर मागच्या खुर्चीवर पेन उघडून बसलेले. पोरांत खसखस पिकली. तीच पोरगी ओरडली, "झाडनारी बाई आली!"

मी खडू उचलला. फळ्यावर माझं पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट. अक्षर वाकडंतिकडं आलं. मग पोरांकडे तोंड केलं.

"मी तुमची शिकवनारी बाई आहो. काल सरांनं तुमाले चुकीचं सांगतलं."

सर उठले.

"खाली बसा!"

"पाठ झाल्यावर बसतो, सर."

आवाज फाटला. पण पाठ पुरा केला. पोरं ऐकत होती की नाही, आठवत नाही.

सरांनी मला नापास केलं. वर्षभर शेतात राबले, पुन्हा पाठ दिला, मास्तरीण झाले. भीती मात्र अजूनही गेली नाही.

आता माझ्या शाळेत डी.एड.ची मुलं पाठ द्यायला येतात. मी मागं बसते. सुरुवात रंगवायला त्यांच्यातला कुणी एखाद्या लेकराला उभं करतो आणि विचारतो, "तुझा बाप काय करतो रे?" त्याच वाक्याला मी उठते. भर वर्गात, त्याच्या सरांदेखत, पाठ थांबवते. त्या लेकराला खाली बसवल्याशिवाय मी बसणार नाही.