थोरला, धाकटा आणि आईच्या बांगड्या

मला कुठलीही वस्तू गुपचूप विकत घेता येत नाही. खरेदीचा प्रयोग व्हावा लागतो, आणि प्रेक्षक लागतात. गाणी ऐकायचं यंत्र घ्यायचं ठरलं तेव्हा कित्येक शनिवार मी चोआ चू कांगच्या आमच्या घरून एमआरटीनं, म्हणजे इथल्या मेट्रोनं, शहरातल्या एका दुकानात हजेरी लावली. अखेर स्पर्धेत दोघेच उरले. एक धातूचा, खिशात टाकला की पँट खाली ओढणारा, त्याला मी थोरला म्हणायचो. दुसरा काडेपेटीएवढा, तो धाकटा.

"फोन असताना हे थेर कशाला?" बायको विचारायची.

"फोनमध्ये आईच्या बांगड्या येत नाहीत."

आईच्या गाण्याचं आमच्याकडे एकच रेकॉर्डिंग आहे. पुण्याच्या घरी, टेपरेकॉर्डर स्टुलावर ठेवून केलेलं. तबलजी नव्हता. आई मांडीवर हात आपटून ताल धरायची आणि दर समेला तिच्या काचेच्या बांगड्या किणकिणायच्या. आई गेल्यावर धाकट्या भावानं कॅसेटवरून फाइल करून पाठवली. तिचा गळा आला, रस्त्यावरून गेलेल्या रिक्षाचा फटफटाटसुद्धा आला. बांगड्या तेवढ्या गळाल्या. मी भावाला फैलावर घेतलं, फोनला शिव्या घातल्या, आणि चांगलं यंत्र शोधायला निघालो.

माझ्या कानावर मात्र कोणी शंका घ्यायची नाही! जुरोंग आयलंडवर आमच्या प्लँटमध्ये माझ्या कानाची दंतकथा आहे. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू यंत्राच्या बेअरिंगला, मूठ कानामागच्या हाडाला, की कुठला गडी बेसूर झालाय ते मी सांगणार. इअरप्लग घालून कोणी मैफल ऐकतं का? मी ते काढून खिशात ठेवत आलो. आमचा जुना कॉम्प्रेसर काळी दोनमध्ये गातो, हा शोधही माझाच.

तर निकालाच्या शनिवारी मी बायको आणि कॉलेजातल्या लेकीला दुकानात नेलं. आधी धाकटा लावला. आई गायली, सम आली, कोरडीच गेली. मग थोरला. मी डोळे मिटले, हात हवेत धरला. सम आली. कोरडी.

"दोघेही नापास!" मी जाहीर केलं.

"बाबा, बोथ ऑल्सो सेम लाह," लेक इथल्या इंग्रजीत म्हणाली. "जस्ट बाय वन, कॅन?"

बायकोनं हेडफोन माझ्या डोक्यावरून ओढून घेतले. ख्यालाला ती आजवर रडगाणं म्हणत आलीय. ऐकता ऐकता तिनं बोट वर केलं.

"अहो, वाजतायत की!"

"काय?"

"बांगड्या. ह्या बघा, परत." तिनं धाकटा लावून पाहिला. "ह्यातही आहेत." मग पर्समधून स्वतःचा फोन आणि गुंता झालेले इअरफोन काढले, भावानं पाठवलेली तीच फाइल लावली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "ह्यातसुद्धा आहेत हो."

कंपनी आम्हाला दरवर्षी काचेच्या खोलीत बसवून बीप ऐकवते. ऐकू आली की बटण दाबायचं. माझ्या कागदावरची रेघ उजवीकडे घसरगुंडीसारखी खाली येते. बारीक, वरचे आवाज गेलेत, ते परत येत नसतात, असं नर्सनं मला नीट समजावलं होतं. मी ते वाईट परीक्षणासारखं घेतलं. परीक्षण वाईट आलं म्हणून कोणी नाटक बंद करत नाही.

एवढा प्रयोग लावून रिकाम्या हातानं कसं उठायचं? धाकटा घेतला. एमआरटीत लेकीनं उठून मला बसायला जागा दिली, तेव्हा मी घाबरलो.

घरी बायको सोफ्यावर शेजारी बसली. इअरफोनचं एक बोंडूक तिच्या कानात, एक माझ्या. "बांगड्या आल्या की टिचकी मारते," ती म्हणाली. आई गायला लागली. समेवर माझ्या गुडघ्यावर टिचकी. पुढच्या समेला पुन्हा. मी मान डोलावली, "क्या बात है" म्हणालो, दादसुद्धा अगदी वेळेवर दिली.

"अगं बाई, वरण उतू चाललं!" म्हणत ती उठली. तिचं बोंडूक माझ्या मांडीवर पडलं.

आई गातच होती. सम कधी येणार ते मला मोजून ठाऊक होतं. मी गुडघ्याकडे बघत बसलो.