आधी दवाई

बी.ए. होऊन जबलपूरच्या दवाखान्यात कारकून लागलो, तेव्हा परमा हा शरीरसंबंधातून लागणारा रोग कागदावर लिहितानासुद्धा मी लाजायचो. माझं टेबल ज्या वयस्क कंपाउंडरांच्या खोलीत होतं, त्यांना मात्र संकोच नव्हता. असा रोगी दिसला की ते मोठ्यानं म्हणत, "या, जावईबापू!" बाहेरच्या रांगेला वाटे, कुणी नातलग आला. मग दार लोटून, धोतरानं चष्मा पुसत, ते हळूच विचारपूस करत. कॉलेजात न मिळालेलं पुष्कळ शिक्षण मला त्या खोलीत मिळालं.

एकदा आमच्या विदर्भाकडचा एक तरुण टांगेवाला खुशीत आला. "दोन दिवसांच्या गोळ्यांनी पू थांबला जी. आता बायकोला माहेराहून, मझौलीहून घेऊन येतो."

"पू थांबला, रोग नाही गेला," कंपाउंडर म्हणाले. " सगळ्या गोळ्या संपव. आणि तिलाही इथं आण."

"तिला काहून? तिला तर काहीच होऊन नाही राहिलं!"

"बाईला पुष्कळदा जाणवतच नाही. आतून बिघडत जातं, मग मूल होणं अवघड. दोघं सोबत औषध घ्या, अन् डॉक्टर सांगतील तोवर दूर राहा."

"सांगितलं तर ती माहेरीच राहील जी!"

"राहू दे. पण सांग."

आठवड्यानं दोघं आले. त्याची मान खाली, तिची ताठ. कंपाउंडर काही बोलणार, तोच ती म्हणाली, "यांनी सांगितलं सगळं. मी म्हटलं, आधी दवाई, भांडण मग."

कंपाउंडर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. आपली खुर्ची त्यांनी तिला दिली, आणि त्याला उभंच ठेवलं.