वीतकाकीची वीत

वीतकाकी कुणाच्याही घरात आली की आधी चप्पल काढायची आणि मग थेट शेगडीपाशी जाऊन पंजा पसरायची. शेगडी ते भिंत, एक वीत. शेगडी ते पडदा, एक हात आणि वर थोडं. मग मागे वळून म्हणायची, "पाणी दे गं, दमले."

कल्याणला आमच्या चाळीत तिची खोली माझ्या खोलीला लागून. मी रिक्षावाला, शाळा आतून कशी दिसते ते फक्त पोरं सोडताना बघितलेलं. एकदा पावसात माझा खाकी शर्ट वाळेना, म्हणून मी तो शेगडीच्या वर दोरीला टांगून चहा ठेवलेला. चहा झाला, शर्टाची एक बाही पण झाली. काकी धावत आली. म्हटलं, "काकी, वीतभर लांब होता गं!" तिने माझा पंजा धरून उलटसुलट बघितला. "वीत माझी घ्यायची. तुझी मापं गुत्त्यावर चालतात." माझी बायको मंदा तेव्हा जी हसायला लागली ती अजून थांबलेली नाही. अर्ध्या बाहीवर मी आठवडाभर रिक्षा चालवली. गिऱ्हाईक विचारायचं, "भाऊ, फॅशन काय?"

काकीची आई गावाला चुलीपाशी भाजून गेलेली. हे तिने मला एकदाच सांगितलं, तेही भांडी घासता घासता.

मग काकांची छाती बिघडली. गिरणीतलं जुनं दुखणं. हॉस्पिटलातून घरी आले ते ऑक्सिजनच्या मशीनसकट. डॉक्टरांनी बजावलेलं, या खोलीत काही पेटवायचं नाही. शेगडी नाही, उदबत्ती नाही. काकी खाटेपासून ओट्यापर्यंत वीत-वीत मोजत गेली. अख्खी खोली संपली, अंतर पुरलं नाही.

तेव्हा मी आमच्या ओट्यावरचा माझा लाडका स्पीकर आमच्या खाटेखाली ढकलला आणि तिथे काकीची शेगडी आली. सिलेंडर खाली, उभा. भिंतीपासून वीतभर, तिच्याच वितीने. ती आमच्याकडे रांधायची आणि झाकलेलं ताट घेऊन जायची.

काका जेवायचे, पण कुरकुरायचे. "घरात फोडणी नाही, म्हणजे मी पाहुणाच झालो."

"पाहुण्यासारखे नीट जेवा मग."

"अगं, एक दिवस. मशीन बंद कर, इथे कुळथाची पिठी कर. चुर्र ऐकू दे."

"आधी श्वास घ्या. चुर्र नंतर."

मी मध्ये तोंड घातलं. म्हटलं, "काका, मी तोंडाने काढतो की, चुर्र!" काढलं. काका हसले आणि हसता हसता एवढे खोकले, की काकीने मला दंडाला धरून बाहेर काढलं. शेगडीपेक्षा माझाच धोका जास्त होता.

थंडीत एका सकाळी काका गेले. मशीन चालूच होतं. काकी आमच्याकडे पिठी ढवळत होती.

तेरावं झाल्यावर मशीन परत गेलं, खाट भाच्याने नेली. मी काकीची शेगडी उचलून तिच्या खोलीत आणली. गप्प बसलो असतो तर माझं काय गेलं असतं? पण जीभ वळवळली. "ठेव आता कुठे पण, काकी. जागाच जागा!"

ओट्याच्या कडेपासून तिने पंजा टेकला. मग जमिनीवर, वीत, वीत, वीत, सवयीने, खाट होती तिथपर्यंत आली. हात अडला नाही. ती तशीच पुढे गेली, पार समोरच्या भिंतीपर्यंत, आणि तिथे बसली.

"पुरलं रे आता अंतर," म्हणाली.

मी उठलो. शेगडी उचलली आणि परत आमच्या ओट्यावर आणून ठेवली. हाताने मोजायला गेलो, तर मंदा म्हणाली, "थांबा. तुमची वीत नको. काकी येऊ दे."