सांडाची पुरणपोळी

पुरण शिजल्याचा वास आला की मला वार्षिक परीक्षेची ती सकाळ आठवते. दुर्गाघाटाचा आमचा बोळ संपतो तिथे वाट अडवून एक काळाकभिन्न सांड उभा होता. अख्ख्या शाळेला धाकात ठेवणारे माझे मास्तर वडील पालीसारखे भिंतीला चिकटले. "बाबा, पेपर बुडेल." "हळू बोल गं. डब्यातली पोळी टाक त्याला." मी होळीची उरलेली पुरणपोळी टाकली आणि आम्ही सटकलो. सांडाला ती आवडली. तो दुसरीसाठी मागे निघाला. त्याचा गरम श्वास माझ्या वेणीला लागत होता. "मागे बघू नकोस," म्हणत बाबा स्वतःच बघत होते आणि पळत होते. त्या दिवशी आम्ही शिपायाच्याही आधी शाळेत पोहोचलो. आता पन्नाशी उलटली, तरी पुरणपोळी मी भिंतीला पाठ लावूनच खाते.