सरकत्या उतारावरचा डार्नली

डार्नली यरवुडचा धंदा घरं हलवण्याचा. लाकडी घराच्या भिंती सुट्या करायच्या, ट्रकवर चढवायच्या आणि नव्या जागी दगडांच्या थरावर पुन्हा उभ्या करायच्या. बार्बाडोसच्या इतर भागांना प्रवाळाच्या दगडाची टणक जमीन लाभली आहे. सेंट अँड्रू परगण्याच्या या उतारांवरून मात्र ते कवच कधीच झिजून गेलं. खालची समुद्रतळाची माती, वाळू, खडू, सगळं चुरगळलेल्या कापडासारखं उघडं पडलं. पाऊस मुरला की ते चालू लागतं. चाळीस वर्षांत डार्नलीने शंभरावर घरं हलवली आणि एकही काच फुटू दिली नाही, असं तो स्वतःच सांगे.

त्याची भाची ऑर्लीन शाळेत शिकवायची. टेकडीखाली सपाट तुकडा घेऊन तिने सिमेंटचं घर बांधायचं ठरवलं.

"तिथे नको गं," डार्नली म्हणाला. "वरून घसरलेल्या मातीनेच ती सपाटी झालीय. अजून बसलेली नाही."

"मामा, सगळे पक्क्या घरात गेले तर तुझं दुकान बंद होईल, हीच ना भीती? इंजिनिअरने बघितलीय जागा."

"कोरड्या दिवसांत ना? तेव्हा ही माती चर्चमध्ये बसल्यासारखी शहाणी असते."

त्याने तुकड्यावर आडवी दोरी ताणली आणि दोरीखाली सरळ रेषेत वीस खुंट्या ठोकल्या. "नाताळपर्यंत थांब. रेघ सरळ राहिली, तर तुझं सिमेंट मी डोक्यावरून वाहीन."

ऑर्लीन चिडली, पण थांबली. ऑक्टोबरात आठवडाभर पाऊस कोसळला. ती छत्री घेऊन गेली तेव्हा मधल्या खुंट्या हातभर खाली सरकल्या होत्या. डार्नली आधीच येऊन उभा होता. गप्प राहणं त्याला फार जड जात होतं.

"हस एकदाचा!" ती म्हणाली.

"हसेन सावकाश. आधी जागा दाखवतो."

त्याने तिला वर कड्यापाशी नेलं. पहार आपटली, खणखणीत वाजली.

"अस्सल खडक. हलायचा नाही."

"एवढा चढ? बाजाराचं ओझं घेऊन?"

"पाय दुखतील. घर नाही दुखणार."

घर तिथेच झालं, लाकडाचं. खालच्या तुकड्यावर शेजाऱ्यांच्या मेंढ्या चरू लागल्या.

डार्नलीने हलवलेलं शेवटचं घर त्याचं स्वतःचं; त्याच्याही घराखालची माती चालू लागली होती. तेव्हा तो चौऱ्याहत्तरचा होता. रस्त्यात खुर्ची टाकून, मांडीवर मक्याचं पीठ नि भेंडी घोटून केलेल्या कू-कूची ताटली घेऊन तो हुकूम सोडत होता. दार त्याने दोनदा काढायला लावलं, तेव्हा कुठे ते त्याच्या मनासारखं बसलं.