अंबाडीच्या पेंढ्या

बहात्तरच्या दुष्काळानंतर मानोऱ्याकडच्या आमच्या गावानं तलाव राखायला मंडळ काढलं. नियम मीच लिहिले. पहिलाच नियम, तलावात वाखासाठी अंबाडी सडवायची नाही, पाणी नासतं. मंडळात तलावावर मासे धरणारा एक जणही होता. रोज सकाळी ओंजळभर पाणी आधी हुंगायचा, मग प्यायचा. पाण्यातलं गवत कोणी उपटलं की ओरडायचा, "राहू द्या ना बाप्पा! मासोयी अंडे कुठं घालन?"

एकदा भर दुपारी तो माझ्या दारात आला. डोक्यावर अंबाडीच्या ओल्या, घाण वासाच्या पेंढ्या, माझ्याच जुन्या धोतराच्या चिंध्यांनी बांधलेल्या.

"गुरुजी, तुमच्या गड्यानं चुकून तलावात टाकल्या वाट्टे."

"सांगतो त्याले," मी म्हणालो.

माझ्याकडे गडी कधीच नव्हता, आणि हे त्याला पक्कं ठाऊक होतं.